टाकी फुल ते टाकी फुल

२ डिसेंबर
टाकी फुल ते टाकी फुल. २१४ कि.मी., २२.६ लि. अ‍ॅव्हरेज (अ‍ॅ.) ९.५.

साडेनऊ! पुन्हा साडेनऊ. हीच जीप खात्यात होती तेव्हा मी अकराच्या खाली येऊ दिली नाही. लिलावात घेतली तेव्हाच जुनी होती, आता म्हातारी झाली, मान्य. पण पावसाळ्यापर्यंत साडेअकरा देत होती ना? मंग मधात काय झालं? एकतीस वर्षं सरकारी जीप हाकली, लॉगबुकाचा एक रकाना कोरा सोडला नाही, अन् घरच्या गाडीचं दुखणं मले सापडत नाही. लाज आहे.

सुमेधचा पुण्याहून फोन. पोराचं तेच. "बाबा, ते धूड विका आता. नुसतं डिझेल पिते." म्हटलं, तुझी ती चपटी कार आण अन् आमच्या नाल्यातून काढून दाखव. तं म्हणे, "मग वावरात कशाला राहता? वाशिमला खोली करा." फोन ठेवला मी.

कु., म्हणजे माझी बायको, बाजूले बसून तुरी सोलत होती. मान खाली घालून सोलतच राह्यली. एरवी पोराची बाजू घेते.

५ डिसेंबर
अनसिंगले हवा चेक केली. पुढच्या दोन्ही चाकांत कमी. भरली. इथूनच सुरुवात करायची, सोप्याकडून अवघडाकडं.

जीप काढली की आमी दोघं. एकट्याले कुठं जायचं तं मोटरसायकल आहे. त्यामुळं कु. संगंच होती. येताजाता नाल्यापाशी नेहमीचं. मी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर पाहून आलो, तोवर तिनं तिचं चाकाचं काम केलं. "झालं?" "झालं." निघालो.

६ डिसेंबर
सकाळी विहारात. कु.नं पांढरी साडी नेसली होती. वंदनेले खाली बसली, उठताना माझा खांदा धरला. म्हणे, "पाय आखडला."
जीप काढली नाही.

११ डिसेंबर
एअर फिल्टर उघडला. आत ऑइल नाही, काळा लगदा! माझंच दुर्लक्ष. रॉकेलनं धुतला, नवं ऑइल भरलं. वरचा कॅरिअर काढला, मागची लोखंडी पेटी काढली, स्प्रिंगचे दोन जुने पाटे, कॅन, साखळी, सगळं उतरवून गोठ्यात टाकलं. नाही म्हणता दीड क्विंटल भरंल.

कु. खाटेवर बसून पाहून राह्यली होती. "अजून काय काढता? आता मीच राह्यली. मलेबी उतरवा, वाढंल तुमचं अ‍ॅव्हरेज."
"तुझं वजन ते केवढं. तू उतरून काय फरक पडते?"
हसली. हसताना पोटावर हात दाबून धरला तिनं.

१७ डिसेंबर
२२५ कि.मी., २३.४ लि. अ‍ॅ. ९.६.
दीड क्विंटल उतरवलं अन् वाढला एक दशांश. डोकं सणकलं. जेवलो नाही. कु. म्हणे, "जीपचा राग ज्वारीच्या भाकरीवर कायले काढता?" तिच्या ताटात पाह्यलं तं तिनंबी अर्धीच खाल्ली होती. म्हटलं, तुझा राग कोणावर? म्हणे, भूकच नाही.

२४ डिसेंबर
शब्बीर मिस्त्री. अनसिंग स्टँडच्या मागं गॅरेज. तीस वर्षांची ओळख, पण वाकडं बोलल्याशिवाय पाना हातात घेत नाही. "काका, नोझल चांगले, पंप चांगला, टॅपेट मी सेट केले. आता गाडीचं वय पाहा."
"तुझं वय काय?"
"अठ्ठावन."
"मंग तुले विकू का?"
हसला. रेडिएटरची नळी उघडून पाह्यली तं थर्मोस्टॅटच नाही. त्यानंच कधीतरी उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून काढून फेकला होता! इंजिन तेव्हापासून थंड चालून राह्यलं, डिझेल खाणारच. भांडलो त्याच्याशी. नवा बसवला.

कु. तिच्या बहिणीकडं जाते म्हणाली होती, गेलीच नाही. चार घरं सोडून आहे बहीण. गॅरेजच्या बाकावरच बसून राह्यली तीन तास. शब्बीरनं चहा दिला, तो तसाच थंड झाला.

३ जानेवारी
२३१ कि.मी., २३.३ लि. अ‍ॅ. ९.९.
वाढला! थर्मोस्टॅटचा फरक आहे. पण अकरा कुठं अन् हे कुठं.

बाजारात किराणावाल्याच्या मोठ्या काट्यावर कु. सहज उभी राह्यली. ४६. उन्हाळ्यात ५३ होती. वाटेत तिले म्हटलं, सात किलो कमी झाली तू, तरी जीप तिथंच. मलेच हसू आलं. ती खिडकीतून बाहेर पाहून राह्यली होती.

ब्लाउजले शिलाई टाकून राह्यली आहे सध्या. सगळ्याच.

९ जानेवारी
चारी चाकं उचलून फिरवली, ब्रेक धरते का पाहाले. मागचं डावं थोडं धरत होतं. सैल केलं. पुढची चाकं जड वाटली, पण पुढं सगळं जडच असते, लय जुनं ग्रीस. सोडून दिलं.

१५ जानेवारी
काल संक्रांत. तीळगूळ वाटाले कु. बहिणीकडं जाणार होती, गेली नाही. आज सकाळी अंगणातलं मडकं उचलाले वाकली अन् तशीच खाली बसली. मी धावलो. तोंड पांढरंफक.
"काय झालं?"
"पोटात दुखते. वाकलं की जास्त."
"कधीपासून?"
"असंच. चार-आठ दिस."
म्हटलं, उद्याच वाशिमले. तं म्हणे, हरबऱ्याले पाणी द्यायचं हाय, पुढच्या हप्त्यात जाऊ. मी ऐकलं. काहून ऐकलं?

२० जानेवारी
वाशिम. सोनोग्राफी. पोटात गाठ आहे. मोठी.
डॉक्टरीणबाई तरुण, बोलणं चांगलं. विचारलं, "कधीपासून त्रास आहे, मावशी?"
कु. म्हणे, "संक्रांतीपासून."
माझ्याकडं पाह्यलं बाईनं. मीबी मान हलवली. त्यांनी तसंच लिहिलं. अकोल्याले मोठ्या दवाखान्यात जा म्हणाल्या, वेळ नका घालवू.

टाकी फुल केली. हिशोब केला नाही.

२१ जानेवारी
सुमेधले फोन केला. रडला पोरगा. येतो म्हणे. कु.नं माझ्या हातातून फोन घेतला, "कायले येतं, सुट्टी वाया जाईल, साधी गाठ हाय." माझ्याशी बोलतानाबी तेच. साधी गाठ हाय.

२८ जानेवारी
अकोला. मालेगाव, मेडशी, पातूर. पातूरच्या घाटात तिले प्रत्येक वळण पोटात लागत होतं. उशी दिली होती मांडीवर, ती दोन्ही हातांनी धरून बसली. मी वीसच्या वर गेलोच नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून शिव्या देऊन गेले. देऊ दे.

डॉक्टर वयस्कर. रक्त घेतलं, स्कॅनची तारीख दिली, १३ फेब्रु. विचारलं तेच, "कधीपासून?"
"महिना झाला असंल," कु.
डॉक्टर कागदाकडं पाहत म्हणाले, "गाठीचा आकार पाहता महिन्याचं वाटत नाही. बाई, नीट आठवा. त्यावर बरंच काही ठरतं."
"महिनाच," ती.
मीबी म्हटलं, हो साहेब, त्याच्या आधी ठणठणीत होती. असं म्हटलं मी. ठणठणीत.

येताना घाट चढून आल्यावर पुढच्या डाव्या चाकाकडून जळका वास. हात लावला तं चटका बसला. हळूहळू घरी आणली.

४ फेब्रुवारी
हे नीट लिहितो. नाही तं उद्या मीच मले खोटं सांगीन.

वास आला म्हणून जीप शब्बीरकडं नेली. कु.ले बहिणीच्या घरी सोडलं, झोपते म्हणाली. शब्बीरनं पुढचं चाक जॅकवर घेतलं, हातानं फिरवलं. चाकासंगं खालचा पुढचा शाफ्टबी फिरून राह्यला. तो खाली वाकून पाहत म्हणे, "काका, हब लॉकच हाय ना?"
"नाही. नाल्याच्या अलीकडं लॉक करतो, पलीकडं फ्री करतो. वीस वर्षं झाली."
"या, पाहा."

पाह्यलं. दोन्ही हबचा काटा लॉकवर. त्यावर चिखल वाळून वाळून पापुद्रे आलेले. खालचा थर काळा, वरचा पांढरा. शब्बीरले हातानं फिरवता आला नाही. डिझेल टाकून पकडीनं फिरवला. "काका, याले कोणी महिन्यांपासून हात नाही लावला. पुढचं डिफरन्शियल बिनकामाचं फिरून राह्यलं, आत ऑइलबी नाही. तुमचं अ‍ॅव्हरेज इथं गेलं."

मी उखडलो. म्हटलं, तुले काय माहीत, माझी बायको दर वेळी उतरून फिरवते. तो हात पुसत उभा राह्यला. त्याचं ते हात पुसणं मले लागलं.

आमची वाटणी अशी होती. पाझर तलावामुळं आमच्या नाल्याले होळीपर्यंत पाणी अन् चिखल. चारी चाकं लागल्याशिवाय जीप निघत नाही. आतला दांडा माझ्याकडं. बाहेरचे दोन हब, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मधातले फिरवायचे खटके, कु.कडं. लॉक केले की पुढची चाकंबी जोर लावतात, फ्री केले की नुसती फिरतात. नाला पार झाला की मी विहिरीवर स्टार्टर पाहाले जायचो अन् ती उतरून दोन्ही हब फ्री करायची. जाताना उलटं, आधी लॉक करायची. जीप घरी आली तवा माझ्याकडूनच शिकली, मंग माझ्याहून झटपट करू लागली. मी वापस येईस्तोवर ती सीटवर बसलेली असायची. "झालं?" "झालं."

मी कधी पाह्यलं नाही. लॉकच राह्यले तं नाल्यात गाडी अडत नाही, आरामात निघते. अडली असती तं कळलं असतं. नुसतं डिझेल जास्त लागते.

घरी येऊन विचारलं. ओरडून नाही, साधंच.
"हब फिरवत नव्हती का तू?"
कु. चुलीपाशी होती. मागं न पाहता म्हणे, "वाकता येत नव्हतं मले."
"मंग झालं काहून म्हणत होती?"
"काय म्हणू मंग?"

५ फेब्रुवारी
वही काढली. वर्षभराचे अ‍ॅ. सगळे लिहिलेले आहेत, माझ्याच अक्षरात.

ऑगस्ट ११.६, ११.५.
सप्टें. पहिला ११.५. दुसरा १०.६.
ऑक्टो. १०.५, १०.४.
नोव्हें. ९.६.

दोनदा पडलं. मी तवा लिहिलं होतं 'डिझेलमध्ये भेसळ?' अन् खाली दोन रेघा.

भेसळ नाही. पोळा झाल्यावर तिले त्रास सुरू झाला. उजवा हब माझ्या बाजूचा, त्यासाठी बोनेटले वळसा घालून जावं लागते. तो आधी फिरवायचा राह्यला. डावा तिच्या दाराखालचा, तो ती कसातरी फिरवत होती, दोन महिने. नोव्हेंबरात तोबी राह्यला.

माझ्या बायकोचं दुखणं या वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे. माझ्या हातानं. अन् मी फिल्टर धूत होतो. दीड क्विंटल लोखंड उतरवत होतो. तुझं वजन ते केवढं, असं म्हटलं मी तिले.

मी मूर्ख आहे. दुसरा शब्द नाही.

७ फेब्रुवारी
आज तिले वही दाखवली. तिले वाचता येते, पण माझे हे रकाने तिनं कधी पाह्यले नव्हते. बोट ठेवून सांगितलं. इथं उजवा. इथं डावा.

तिनं आपलं बोट त्याच आकड्यांवरून फिरवलं. मंग म्हणे, "एवढं कळते काय यातनं?"
"कळते. मले कळलं नाही."
"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बरोबर हाय तुमचं."
"सांगितलं काहून नाही?"
"सोयाबीन उभं होतं. मंग म्हटलं जाईल आपोआप. मंग सुमेधची पोरगी आजारी होती. मंग..." थांबली.
"मंग काय?"
"मंग तुमचं हे अ‍ॅव्हरेजचं सुरू झालं. रोजचे इतके हैराण तुमी. त्यात मी अजून काय सांगू."

उठून बाहेर गेलो. जीपच्या मागं उभा राहून रडलो. साठी उलटलेला माणूस.

१० फेब्रुवारी
डॉक्टरले सांगायचं की नाही यावरून भांडण. कु. नको म्हणते. "कायले सांगता? मले खोटं पाडता काय मोठ्या डॉक्टरापुढं? अन् सांगून आता फरक काय पडते?" म्हटलं, डॉक्टरच म्हणाले, त्यावर ठरते. म्हणे, "तुमाले वाईट वाटून राह्यलं म्हणून सांगता तुमी. माझ्यासाठी नाही."
थोडं खरं असंल. पण पाच महिन्यांची गोष्ट एक महिना कशी राहू देऊ?
बोलत नाही माझ्याशी. जेवण मात्र वाढलं.

१३ फेब्रुवारी
अकोला. स्कॅन झाला. तिले आत नेलं तेव्हा मी डॉक्टरांच्या खोलीत वही घेऊन गेलो. काय काय सांगितलं ते मलेच आठवत नाही. हब, नाला, उजवा, डावा. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. ऑगस्ट, सप्टेंबर. दोनदा पाह्यलं. मंग तिच्या कागदावरचं '१ महिना' खोडून '५ महिने' लिहिलं.

म्हटलं, साहेब, सप्टेंबरात आणली असती तं?
म्हणाले, "आता रिपोर्ट येऊ द्या. ऑपरेशन करायचं की नाही, ते त्यावरून पाहू. फोन करतो आम्ही."
करायचं की नाही. म्हणजे काय? ऑपरेशन करतातच ना गाठीचं? विचारायचं धाडस झालं नाही.

बाहेर आली तं कु.नं माझ्या हातात वही पाह्यली. घाटात माझ्या खांद्याले टेकून झोपली.

१६ फेब्रुवारी
आज वाशिमले गोळ्या आणाले अन् टाकी फुल कराले. ती म्हणे, मीबी येते, घरी बसून काय करू.

२३६ कि.मी., २०.५ लि. अ‍ॅ. ११.५.

आलं. पंपावर उभं राहून दोनदा भागाकार केला. साडेअकरा. तीन महिने ज्याच्या मागं लागलो ते आलं, अन् वही बंद करून खिशात ठेवली. तिनं विचारलं, किती? सांगितलं. म्हणे, "चला, सुमेधले सांगा, आता विकत नाही म्हणून."

येताना नाल्याच्या अलीकडं थांबलो. तिले उतरू दिलं नाही. उतरलो, उजवा हब लॉक केला, बोनेटले वळसा घालून तिच्या बाजूले आलो. तिनं दार उघडलं होतं. वरून पाहून राह्यली.
"तिकडं नाही. उलटं फिरवून राह्यले तुमी. बाण पाहा."
"हाव, पाह्यला."
"पाह्यला म्हणता अन् तिकडंच फिरवता! जरासा दाबून फिरवा. मंग टक् आवाज येते."

खाली बसल्यावर गुडघे दुखले. नुसतं एवढंसं वाकलं तं माझे दुखतात. अन् ती दोन महिने हे...

तेवढ्यात खिशात फोन वाजला. काढून पाह्यला. अकोल्याचा नंबर.
"कोणाचा?"
"सुमेधचा असंल. घरी जाऊन करू."
फोन खिशात वाजतच होता. मी दोन्ही हातांनी हब धरून फिरवला. टक् वाजलं. फोनबी थांबला.
"झालं?" तिनं विचारलं.
"झालं."

नाला पार केला. विहिरीजवळ उतरून दोन्ही फ्री केले, घरी आलो. आता चार वाजून गेले. ती खाटेवर पडून आहे, डोळे मिटलेले, झोपली नाही. दवाखाना पाचपर्यंत असतो. फोन माझ्यासमोर ठेवला आहे, अजून लावला नाही.